नोंदणी होईल, उन्हाचे काय?

गेल्या डिसेंबरात ओळखीतल्या एका तरुणाचा सकाळीच फोन आला. "काका, टेगूने चार दिवस काही खाल्लं नाही. नुसता कोपऱ्यात पडून असतो. काल जबरदस्तीने उकडलेलं अंडं भरवलं, तर आज सगळं ओकून टाकलं."

टेगू म्हणजे दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा. काळा-पांढरा, जाड मानेचा, लांबून पाहिला तर घोरपडच वाटेल असा. या तरुणाने चार वर्षांपूर्वी तो मित्राकडून घेतला, तेव्हा वीतभर होता. आता शेपटीसकट साडेतीन फूट झाला आहे. २०२४ मध्ये त्याने त्याची रीतसर सरकारी नोंदणीही केली. मुलगा निष्काळजी नाही, उलट पगारातला बराच भाग या प्राण्यावर खर्च करणारा आहे. तरीही दोन दिवसांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये टेगूच्या बरगड्या आणि पायांची हाडे जितकी ठळक पांढरी दिसायला हवीत तितकी दिसली नाहीत. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर किंचित वाकत होता. चार वर्षे लाडात वाढलेल्या प्राण्याची हाडे आतून भुसभुशीत होत होती आणि घरात कोणालाही ते कळले नव्हते.

पुण्यात इग्वाना, टेगू, अजगराच्या परदेशी जाती पाळण्याची हौस असणारे तरुण आता अपवादाने भेटत नाहीत. या हौसेवर बोलताना आपण दोनच प्रश्न विचारतो: हे कायदेशीर आहे का, आणि तो चावतो का? तिसरा प्रश्न विचारला जात नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये या प्राण्याला जगण्यासाठी जे लागते ते देता येते का? माझे मत स्पष्ट आहे. बहुतेक घरांत ते देता येत नाही, म्हणून नवा टेगू कोणी घेऊ नये. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी मात्र अपराधी वाटून घेण्यापेक्षा त्याची काळजी शिकून घ्यावी. या मताची कारणे त्या प्राण्याच्या शरीरातच आहेत.

अर्धवट हिवाळा

सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता प्रामुख्याने बाहेरून घेतात, हे आपण शाळेत शिकतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की त्यांचे पचन, प्रतिकारशक्ती, औषधांचा परिणाम हे सारे आजूबाजूच्या तापमानावर चालते. टेगूला दिवसा एका टोकाला ४५ ते ५० अंशांपर्यंत तापलेला दगड किंवा फळी लागते आणि दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास गार जागा. तो या दोन टोकांमध्ये ये-जा करून स्वतःचे तापमान राखतो. गार शरीरात गेलेले अन्न पचत नाही, पोटात सडते आणि उलटून येते. त्या तरुणाने भरवलेल्या अंड्याचे तेच झाले. खोलीत २० अंश तापमान होते आणि तापवणारा दिवा आदल्याच आठवड्यात गेला होता.

त्यात टेगूची आणखी एक गंमत आहे. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि ब्राझीलच्या काही भागांतला हा प्राणी हिवाळ्यात काही महिने बिळात शांत पडून राहतो, खात-पीत नाही. उलट विणीच्या हंगामात तो चक्क स्वतःची उष्णता निर्माण करतो. ब्राझील आणि कॅनडाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की या काळात रात्री टेगूचे शरीर बिळापेक्षा दहा अंशांपर्यंत अधिक उबदार असू शकते. सरड्यांच्या बाबतीत हे जवळजवळ अद्भुतच म्हणायचे. म्हणजे या प्राण्याच्या शरीरात वर्षभराचे एक पंचांग आहे. त्यात थंडीची झोप आहे, जाग आहे, वीण आहे.

पुण्याचा फ्लॅट या पंचांगाचा घोळ करतो. बाहेर पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरला तरी घरात वीसच्या खाली सहसा जात नाही. नीट झोपण्याइतकी थंडी नाही आणि नीट पचवण्याइतकी ऊबही नाही. या अर्धवट हिवाळ्यात प्राणी सुस्तावतो, खाणे सोडतो, पण शरीरातला साठा खर्च होत राहतो. मालकाला तो आजारी वाटतो आणि तो भरवू लागतो. किंवा उलट, प्राणी खरोखरच आजारी असतो आणि मालक म्हणतो, हिवाळ्यात असेच असते. निरोगी टेगूची झोप आणि आजारी टेगूची ग्लानी यांतला फरक वजन, तपासणी आणि अनुभव यांवरूनच कळतो.

मग एप्रिल येतो. पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घसरते. टेगूला ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. ती नसेल तर कात एकसंध सुटत नाही. बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला तिची कडी राहते, ती आवळत जाते आणि रक्तपुरवठा तुटून बोट झडते. हा अपघात एका दिवसात होत नाही, म्हणून तो दिसतही नाही.

काचेतून येणारे ऊन

"आमच्याकडे खिडकीतून भरपूर ऊन येतं," हे वाक्य अशा घरांत हमखास ऐकू येते. ऊन येते हे खरे, पण त्यातला हवा तो भाग येत नाही. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी 'यूव्हीबी' नावाचा पट्टा त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार करतो. या जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणजे काचेमागे ऊन खात बसलेला सरडा ऊबदार असतो, समाधानी दिसतो आणि त्याच वेळी त्याच्या हाडांतले कॅल्शियम कमी होत असते. रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतून उसनवारी करते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, स्नायू थरथरतात. पाळीव सरड्यांमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या आजारांपैकी हा एक आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो टाळता येण्याजोगा असतो.

त्या तरुणाकडे यूव्हीबीची खास ट्यूब होती. ती पेटतही होती. पण ती दीड वर्षापूर्वीची होती. अशा ट्यूबचा डोळ्यांना दिसणारा प्रकाश कायम राहतो, पण यूव्हीबी मात्र सहा महिने ते वर्षभरात बरेच घटते. जळणारी ट्यूब कोण बदलतो? चूक त्याची होती असे मला म्हणवत नाही. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते आणि त्याला विचारायचे सुचले नव्हते.

आहाराचेही तसेच. टेगू मिश्राहारी आहे. निसर्गात तो कीटक, गोगलगायी, अंडी, लहान उंदीर, पडलेली फळे असे बरेच काही खातो. यात तो भक्ष्य हाडांसकट खातो, हे महत्त्वाचे. आपण त्याला काय देतो? चिकनचे बोनलेस तुकडे आणि उकडलेले अंडे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. शरीराला हवे असते ते उलट, फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम. म्हणजे रोज प्रेमाने भरवलेला चिकनचा तुकडाही हाडांवरच उठतो. इग्वानाची तऱ्हा वेगळी. तो शाकाहारी आहे. त्याला शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले उत्तम चालतात. पालक मात्र रोज नको, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. अशा इग्वानाला कोणी 'ताकद यावी' म्हणून अंडी आणि मांजराचे खाद्य देते, तेव्हा पुढे त्याची मूत्रपिंडे खराब होतात.

एक प्लायवूड, टनभर माती

आता जागेचा हिशेब करू. प्रौढ टेगू शेपटीसकट चार फुटांपर्यंत वाढतो. त्याच्यासाठी आठ बाय चार फुटांचा, चार फूट उंच निवारा हे अनुभवी पाळणारे किमान माप मानतात. आठ बाय चार म्हणजे प्लायवूडची एक अखंड शीट. ती बेडरूममध्ये आडवी टाकून बघा आणि मग पलंग कुठे बसतो ते पाहा. टेगू बीळ करणारा प्राणी आहे, त्याला किमान फूटभर खोल ओलसर माती हवी. बत्तीस चौरस फुटांवर फूटभर ओली माती म्हणजे टनभराहून अधिक वजन. आपल्या घरांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार गृहीत धरून आखलेले असतात. या मातीचा भार त्याच्या दुपटीच्या पुढे जातो. कोकोपीट मिसळून तो कमी करता येतो, पण तिसऱ्या मजल्यावर बीळ बांधणे ही काय गोष्ट आहे ते यातून कळावे.

त्यापुढे विजेचे बिल आहे. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज गेली तर दिवे कशावर चालवायचे, हा प्रश्न आहे. आणि सर्वांत मोठा हिशेब वर्षांचा आहे. टेगू नीट सांभाळला तर पंधरा ते वीस वर्षे जगतो. पंचविशीतल्या मुलाने घेतलेला टेगू त्याची नोकरीची बदली, परदेशातले शिक्षण, लग्न, भाड्याची चार घरे आणि बहुधा पहिले मूल पाहणार. इथे आरोग्याचा मुद्दाही येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू सहज असतात, प्राणी ठणठणीत दिसत असला तरी. म्हणून पाच वर्षांखालची मुले ज्या घरात आहेत तिथे असे प्राणी ठेवू नयेत, असा आरोग्यतज्ज्ञांचा सल्ला असतो. वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही जपावे. हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न धुणे, हे नियम इतरांनीही पाळलेच पाहिजेत. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे.

कायदा काय विचारतो

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी त्यात स्वतंत्र चौथी अनुसूची आली. टेगू आणि हिरवा इग्वाना हे दोघेही या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांना 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. नोंदणीशिवाय असा प्राणी बाळगणे, दुसऱ्याला देणे किंवा त्याची पैदास करणे आता बेकायदा आहे.

हे पाऊल आवश्यकच होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या एअर कार्गो संकुलात शोभेचे मासे म्हणून आलेल्या मालातून कासवे, साप, सरडे, इग्वाना असे ६६५ प्राणी पकडले गेले. त्यांतले शंभराहून अधिक मेलेले होते. आपल्या दिवाणखान्यातल्या प्राण्याचा प्रवास अशा खोक्यातून झाला नसेलच, असे छातीठोकपणे किती मालक सांगू शकतील?

पण या कायद्याचा भर प्राणी कुठून आला आणि कोणाकडे आहे यावर आहे. तो कसा जगतो, हा प्रश्न मागेच राहतो. अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पण काचेच्या टाकीत दुमडून बसलेल्या सरड्यासाठी कोणी तक्रार केल्याचे ऐकले आहे? कुत्रा रडतो, मांजर ओरडते. सरडा गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यालाच आपण 'किती शांत आहे' म्हणतो.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली, नोंदणीला निवाऱ्याचे किमान माप, दिवे आणि वर्षातून एकदा पशुवैद्यकाची तपासणी यांची अट जोडावी. ती तपासणी करणारेही तयार करावे लागतील, कारण आपले पशुवैद्यकीय शिक्षण मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांभोवती फिरते. पुण्यापासून तासा-दीड तासावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला आहे. तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचारांचे छोटे अभ्यासक्रम सुरू करणे अवघड नसावे. दुसरी, ज्याला प्राणी सांभाळणे जमत नाही त्याला तो शिक्षेच्या भीतीशिवाय परत करता येईल, अशी जागा प्रत्येक मोठ्या शहरात असावी.

हे दुसरे का, ते फ्लोरिडाकडे पाहून कळते. हौसेने आणलेले आणि नंतर सुटलेले किंवा सोडलेले टेगू तिथे जंगलात वाढले, पक्ष्यांची, कासवांची, अगदी मगरीच्या जातीतल्या ॲलिगेटरची अंडी फस्त करू लागले. २०२१ मध्ये त्या राज्याने टेगू आणि इग्वाना पाळण्यावरच बंदी आणली. आपल्याकडे नाण्याएवढी असताना घेतलेली लाल कानांची कासवे मोठी झाल्यावर तळ्यात 'सोडून देण्याचे पुण्य' अनेकांनी केले आहे. टेगूची मादी एका वेळी तीस-पस्तीस अंडी घालते. आपल्या फ्लॅटमध्ये न मिळालेले ऊन आणि माती त्याला मुळशी-ताम्हिणीकडे मुबलक मिळेल. तिथे त्याचा निभाव लागणार नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी

प्राणी आधीच घरात असेल तर काही गोष्टी आजपासून करता येतात. ताप आणि गारवा मोजायला दोन थर्मामीटर, एक आर्द्रतामापक आणि दर महिन्याला वजनाची नोंद. यूव्हीबी ट्यूबवर बसवल्याची तारीख लिहून ठेवा आणि ती पेटत असली तरी वेळेवर बदला. सकाळच्या कोवळ्या उन्हात, जाळीच्या बंदिस्त पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली ठेवून गच्चीवर अर्धा तास बसवा. काचेच्या टाकीत मात्र उन्हात कधीच ठेवू नका, ती काही मिनिटांत भट्टी होते. घारी, कावळे आणि मांजरांकडे लक्ष असू द्या. खाणे थांबले तर भरवण्याआधी तापमान बघा. आणि कुत्र्याचे औषध अंदाजाने देऊ नका.

या विषयावर एक प्रामाणिक आक्षेप नेहमी येतो. ज्या मुलाने सरडा पाळला तो मुलगा पुढे साप दिसला म्हणून काठी उचलत नाही. हे खरे आहे, मी अशी मुले पाहिली आहेत. पण भीती घालवण्यासाठी प्राणी विकत घ्यावाच लागतो असे नाही. कात्रजच्या सर्पोद्यानाने १९८६ पासून पुण्यातल्या पिढ्यांची सापांविषयीची भीती कमी केली, ती कोणाच्या घरी साप न पाठवता. सिंहगडावर दोर घेऊन चढलेल्या घोरपडीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. ती खरी की दंतकथा हा वाद इतिहासकारांचा. पण खरी घोरपड आजही शहराच्या कडेला आहे. कायद्याने तिला वाघाच्या बरोबरीचे, पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तरी तिच्या तेलाच्या आणि 'हत्था जोडी'च्या अंधश्रद्धेपायी ती मारली जाते. झाडाचे मूळ म्हणून विकली जाणारी ही जोडी प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये संशोधकांनी उघड केले. सरड्यांवर प्रेम असेल तर ते दाखवायला इथे भरपूर वाव आहे. सोसायटीत घोरपड शिरली तर गर्दी आणि काठ्या जमवण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करणे, हीसुद्धा सरड्यांची काळजीच आहे.

आणि पाहायचेच असेल तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी जा. तिथे पवनचक्क्यांच्या खाली बोटभर लांबीचा नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून मिटतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी नवी प्रजाती ठरवली तेव्हा तिचे शास्त्रीय नावच 'सराडा' ठेवले, आपल्या सरड्यावरून. त्याला ना दिवा लागतो, ना नोंदणी. आपण फक्त दोन पावले मागे उभे राहायचे.

त्या तरुणाचा टेगू आता बरा आहे. नवी ट्यूब, कॅल्शियम आणि गच्चीवरचे ऊन यांनी जबडा पुन्हा घट्ट होऊ लागला, वाकलेला एक पाय मात्र तसाच राहील. परवा मुलाचा पुन्हा फोन आला. त्याला हैदराबादला नोकरी मिळते आहे. "काका, याचं काय करू?" त्याने विचारले. टेगूचे वय चार. पुढची निदान दहा वर्षे त्याला कोण सांभाळणार, याचे उत्तर आज ना त्याच्याकडे आहे, ना माझ्याकडे. विकत घेणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशी स्वतःला विचारला, तर बहुतेक टेगू दुकानातच राहतील. मग ते दुकानात येणेही हळूहळू थांबेल.